राजवायूंचा कंस : इलेक्ट्रॉन संरूपणाच्या संक्षिप्त लेखनाची चिकित्सा

सारांश

मूलद्रव्यांचे इलेक्ट्रॉन संरूपण संक्षेपाने लिहिताना आधीच्या राजवायूचे चिन्ह चौकटी कंसात घालण्याची पद्धत रसायनशास्त्राच्या अध्यापनात सर्वमान्य झाली आहे. ही पद्धत जागा वाचवणारी एक सोय आहे, एवढ्यावर तिची ओळख बहुधा थांबते. प्रस्तुत लेखात या लेखनरूढीकडे एक अर्थवाही विधान म्हणून पाहिले आहे. कंस काय सांगतो, काय झाकतो आणि कोणता गैरसमज निर्माण करतो, याची येथे चिकित्सा केली आहे. शालेय स्तरावरील कवचनिहाय लेखन आणि महाविद्यालयीन स्तरावरील संक्षिप्त लेखन या एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नसून परस्परांना दुरुस्त करणाऱ्या दोन दृष्टी आहेत, असे प्रतिपादन शेवटी केले आहे.

बीजशब्द : इलेक्ट्रॉन संरूपण, राजवायू, गाभा, संयुजा इलेक्ट्रॉन, संक्रामक मूलद्रव्ये, विज्ञानाध्यापन

प्रस्तावना

शास्त्राची भाषा चिन्हांची असते आणि चिन्हे नेहमीच तटस्थ असतात, असा एक समज आहे. वस्तुतः प्रत्येक चिन्हपद्धती काही गोष्टी पुढे आणते व काही मागे ढकलते. साहित्यकृतीतील शब्दयोजनेची जशी चिकित्सा होते, तशी शास्त्रीय लेखनरूढीचीही व्हावयास हवी. पाठ्यपुस्तकातून पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या रूढीच्या बाबतीत ही गरज अधिक आहे. विद्यार्थी सूत्र विसरतो, पण सूत्र लिहिण्याच्या पद्धतीतून मनात ठसलेले चित्र सहसा विसरत नाही.

सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांची पूर्ण मांडणी १एस२ २एस२ २पी६ ३एस१ अशी होते. अक्षरापूर्वीचा अंक कवचाचा, अक्षर उपकवचाचे आणि अक्षरानंतरचा अंक त्या उपकवचातील इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा निर्देश करतो. यांतील पहिले १० इलेक्ट्रॉन निऑनच्या मांडणीप्रमाणेच असल्याने तेवढ्या भागासाठी निऑनचे चिन्ह कंसात लिहून सोडिअमचे संरूपण [निऑन] ३एस१ असे दिले जाते. क्लोरीनसाठी [निऑन] ३एस२ ३पी५, कॅल्शिअमसाठी [अरगॉन] ४एस२, तर ब्रोमीनसाठी [अरगॉन] ३डी१० ४एस२ ४पी५ असे लेखन होते. नियम साधा आहे. दिलेल्या मूलद्रव्याच्या लगतपूर्वीचा राजवायू शोधावा, त्याचे चिन्ह कंसात घालावे, त्याचा अणुअंक मूलद्रव्याच्या अणुअंकातून वजा करावा आणि उरलेले इलेक्ट्रॉन पुढील उपकवचांत मांडावेत.

हेलिअम २, निऑन १०, अरगॉन १८, क्रिप्टॉन ३६, झेनॉन ५४ आणि रेडॉन ८६ हे सहा अणुअंक लक्षात असले की काम भागते. अणू जसजसा मोठा, तसतशी सोय अधिक. युरेनिअमच्या ९२ इलेक्ट्रॉनांची पूर्ण मांडणी लिहावयाची तर १८ उपकवचे ओळीने लिहावी लागतात. संक्षेपात ती [रेडॉन] ५एफ३ ६डी१ ७एस२ एवढीच उरते. पंधरा उपकवचे एका कंसात सामावली जातात. प्रश्न असा की, ही पंधरा उपकवचे कंसात गेली म्हणजे नेमके काय झाले? ती केवळ लिहावयाची राहिली, की विचारातूनही वगळली गेली?

कंसामागील इतिहास

हा कंस ज्या मूलद्रव्यांच्या नावाने लिहिला जातो, ती मूलद्रव्ये मेंडेलीव्ह यांच्या १८६९ च्या आवर्तसारणीत नव्हतीच. आज जे वायू प्रत्येक आवर्ताचा शेवट ठरवतात, त्यांच्यावाचून आवर्तसारणी उभी राहिली होती. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी हवेत अरगॉन असल्याचे दाखवले. हवेपासून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या तफावतीतून हा शोध निघाला. १८९८ मध्ये रॅमसे व ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू वेगळे केले.

हेलिअमचा इतिहास महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचा आहे, पण तो काळजीपूर्वक वाचावा लागतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झान्सन यांनी गुंटूर येथून सौरज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाची वाट न पाहता, अशाच वर्णपटातील पिवळ्या रेषेची नोंद घेतली. ही रेषा पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची आहे, असे मत पुढे आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्याशी हा शोध जोडण्याची प्रथा आहे. लॉकियर विजयदुर्गास आले, ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ मध्ये, रॅमसे यांनी युरेनिअमच्या खनिजातून हेलिअम पृथ्वीवरही मिळवला होता. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. फक्त ते शोधस्थळ म्हणून नव्हे, तर सूर्यनिरीक्षणाच्या परंपरेतील एक स्थळ म्हणून सांगावयास हवे.

वायूंचा शोध लागला म्हणून कंस जन्माला आला नाही. त्यासाठी एक कल्पना आवश्यक होती. १९१६ मध्ये कोसेल आणि लुईस या दोघांनी स्वतंत्रपणे ती मांडली. अणू इलेक्ट्रॉन देतात वा घेतात तेव्हा त्यांची मांडणी जवळच्या राजवायूसारखी होते, हे कोसेल यांनी आयनांच्या संदर्भात दाखवले. लुईस यांनी अणूची विभागणी एक अंतर्गत गाभा व एक बाह्य कवच अशी केली आणि सामान्य रासायनिक बदलांत हा गाभा अबाधित राहतो, असे गृहीत धरले. आजच्या कंसाचे वैचारिक मूळ या विभागणीत आहे. एस, पी, डी, एफ ही अक्षरे त्याहून जुन्या वर्णपटशास्त्रातून आली. वर्णपटातील रेषामालिकांना दिलेल्या शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज व फंडामेंटल या इंग्रजी नावांची ती आद्याक्षरे होत. १९२५ मध्ये पाउली यांनी अपवर्जन तत्त्व मांडल्यावर प्रत्येक उपकवचाच्या क्षमतेला, म्हणजे २, ६, १० व १४ या अंकांना, आधार मिळाला.

तात्पर्य, आजच्या एका ओळीच्या संरूपणात तीन वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत. कंस रसायनशास्त्राचा, अक्षरे वर्णपटशास्त्राची आणि अंक पुंजयामिकीचे. विद्यार्थ्याच्या हाती मात्र ते एकजिनसी सूत्र म्हणून येते.

संक्षेपाचे सामर्थ्य

कोणत्याही रूढीचे दोष पाहण्यापूर्वी तिचे बळ मान्य करणे हे चिकित्सेचे पहिले कर्तव्य होय. लिथिअम [हेलिअम] २एस१, सोडिअम [निऑन] ३एस१, पोटॅशिअम [अरगॉन] ४एस१, रुबिडिअम [क्रिप्टॉन] ५एस१ आणि सीझिअम [झेनॉन] ६एस१ ही संरूपणे एकाखाली एक लिहिली, की गणाचे साम्य डोळ्यांना दिसते. पूर्ण मांडणीत हे साम्य लांबलचक ओळींच्या टोकाशी दडलेले राहते. संक्षेप येथे केवळ शब्द कमी करत नाही, तर आशय उघड करतो.

दुसरा लाभ आयनांच्या बाबतीत आहे. सोडिअमने एक इलेक्ट्रॉन गमावला की ३एस१ हे पद गळते आणि [निऑन] उरते. फ्लुओरीनने एक इलेक्ट्रॉन घेतला की [हेलिअम] २एस२ २पी६, म्हणजेच [निऑन], होते. देणारा आणि घेणारा एकाच मांडणीपाशी येऊन पोहोचतात, हे आयनिक बंधाचे सार एका चिन्हात व्यक्त होते.

तिसरा लाभ कमी परिचित आहे. झिर्कोनिअमचे संरूपण [क्रिप्टॉन] ४डी२ ५एस२ असून त्याच्याच गणातील हाफ्निअमचे [झेनॉन] ४एफ१४ ५डी२ ६एस२ असे आहे. एक आवर्त खाली उतरूनही हाफ्निअमचा अणू झिर्कोनिअमपेक्षा मोठा होत नाही. त्यांच्या धात्विक त्रिज्या अनुक्रमे सुमारे १६० व १५९ पिकोमीटर आहेत. या विसंगतीचे कारण सूत्रातच लिहिलेले आहे. कंसाबाहेर उभे असलेले ४एफ१४ हे चौदा इलेक्ट्रॉन वाढलेल्या केंद्रकीय प्रभारापासून बाह्य इलेक्ट्रॉनांचे पुरेसे संरक्षण करीत नाहीत. ज्याला सूत्र वाचता येते, त्याला येथे उत्तर मिळते. ज्याला ते केवळ लिहिता येते, त्याला मिळत नाही.

पहिली मर्यादा : मांडणीचे साम्य म्हणजे वस्तूचे साम्य नव्हे

सोडिअमच्या संरूपणात [निऑन] असे लिहिले, की सोडिअमच्या पोटात निऑनचा एक अणू बसला आहे, असे चित्र उभे राहते. हे चित्र चुकीचे आहे. निऑनचा एक इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे २१.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये निघतो. मात्र तो निघून गेल्यावर उरलेल्या तथाकथित निऑन गाभ्यातून दुसरा इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४७.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. मांडणी तीच, परंतु पकड दुपटीहून अधिक. कारण उघड आहे. निऑनच्या केंद्रकात १० प्रोटॉन आहेत, सोडिअमच्या केंद्रकात ११.

हाच मुद्दा आयनांच्या आकारातून अधिक ठळकपणे दिसतो. ऑक्साइड, फ्लुओराइड, सोडिअम, मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअम यांच्या आयनांचे संरूपण एकच, [निऑन], असे लिहिले जाते. त्यांच्या आयनिक त्रिज्या मात्र अनुक्रमे सुमारे १४०, १३३, १०२, ७२ आणि ५३.५ पिकोमीटर आहेत. पहिल्या व शेवटच्या आयनात अडीच पटींहून अधिक अंतर आहे. एकाच कंसात इतकी भिन्न आकारमाने सामावतात, याचा अर्थ कंस इलेक्ट्रॉनांची केवळ व्यवस्था सांगतो. त्यांची ऊर्जा, त्यांचा विस्तार आणि केंद्रकाशी असलेले त्यांचे नाते कंसाच्या कक्षेबाहेर आहे. अध्यापनात ‘निऑनसारखी मांडणी’ या शब्दांऐवजी ‘निऑन’ एवढेच म्हटले जाते, तेव्हा साम्याचे रूपांतर तादात्म्यात होते. उपमेचे रूपक झाले, असे साहित्यशास्त्राच्या परिभाषेत म्हणता येईल. काव्यात हा गुण ठरतो, शास्त्रात तो दोष होतो.

दुसरी मर्यादा : कंसाबाहेरचे सारे संयुजा इलेक्ट्रॉन नव्हेत

संक्षेप शिकवताना एक सुलभ वाक्य वापरले जाते. कंसातले इलेक्ट्रॉन आतले आणि कंसाबाहेरचे बाहेरचे, म्हणजेच संयुजा इलेक्ट्रॉन. पहिल्या तीन आवर्तांत हे वाक्य निभावते. चौथ्या आवर्तात ते कोसळते. गॅलिअमचे संरूपण [अरगॉन] ३डी१० ४एस२ ४पी१ आहे. वरील वाक्य प्रमाण मानले तर गॅलिअमचे संयुजा इलेक्ट्रॉन १३ ठरतील. प्रत्यक्षात ते ३ आहेत. तिसरा इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ३०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते, तर चौथ्यासाठी ती एकदम ६० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे जाते. ही उडी सांगते की, ३डी१० हे दहा इलेक्ट्रॉन कंसाबाहेर लिहिलेले असले तरी वागणुकीने गाभ्याचेच आहेत. शिशाच्या बाबतीत तफावत आणखी वाढते. [झेनॉन] ४एफ१४ ५डी१० ६एस२ ६पी२ या सूत्रात कंसाबाहेर २८ इलेक्ट्रॉन आहेत, संयुजा इलेक्ट्रॉन केवळ ४.

मग पूर्ण भरलेले डी उपकवच सरळ गाभ्यात टाकावे काय? तसेही करता येत नाही. तांब्याचे संरूपण [अरगॉन] ३डी१० ४एस१ आहे. येथेही ३डी१० पूर्ण भरलेले आहे. परंतु तांबे दोन प्रभारांचा आयन बनवते तेव्हा हेच उपकवच उघडते आणि [अरगॉन] ३डी९ उरते. मोरचुदाचा परिचित निळा रंग या अपुऱ्या राहिलेल्या डी उपकवचाशी निगडित आहे. तेच दहा इलेक्ट्रॉन तांब्यात रासायनिक व्यवहारात भाग घेतात आणि दोन घरे पुढे गॅलिअममध्ये गाभ्याआड जातात. मधले जस्त दोन इलेक्ट्रॉन गमावून [अरगॉन] ३डी१० येथे थांबते, आणि त्याचा हा आयन कोणत्याही राजवायूच्या मांडणीचा नसूनही स्थिर असतो. गाभा व बाह्यभाग यांची सीमा अशा रीतीने सरकती आहे. कंस मात्र ती राजवायूच्या ठिकाणी कायमची आखून टाकतो. ही सीमा लेखनाची आहे, निसर्गाची नव्हे.

तिसरी मर्यादा : लिहिण्याचा क्रम आणि भरण्याचा क्रम

संक्षिप्त लेखनातील सर्वाधिक गोंधळ ४एस आणि ३डी यांच्या संदर्भात होतो. मुख्य पुंजांक व उपकवचाचा पुंजांक यांची बेरीज ज्या उपकवचासाठी कमी, ते आधी भरते, हा मॅडलुंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तिरप्या बाणांच्या आकृतीने शिकवला जातो. त्यानुसार ४एस आधी, ३डी नंतर. या आकृतीच्या आधारे विद्यार्थी लोहाचे संरूपण [अरगॉन] ४एस२ ३डी६ असे लिहितो. लोहाने दोन इलेक्ट्रॉन गमावले तर शेवटी भरलेले आधी जातील, अशा तर्काने तो ४एस२ ३डी४ असे उत्तर काढतो. ते चूक आहे. प्रत्यक्षात ४एस मधील दोन्ही इलेक्ट्रॉन निघून जातात आणि [अरगॉन] ३डी६ उरते.

येथे ‘४एस आधी भरते आणि आधीच रिकामे होते’ असे एक वाक्य पाठ करावयास दिले जाते. हे वाक्य परीक्षेत गुण मिळवून देते, समज देत नाही. स्कँडिअमकडे पाहिल्यास अडचण कोठे आहे ते कळते. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्कँडिअमच्या आयनाचे संरूपण [अरगॉन] आहे. त्यात एक इलेक्ट्रॉन परत घातला, तर तो ४एस मध्ये न जाता ३डी मध्ये जातो व [अरगॉन] ३डी१ होते. दुसरा ४एस मध्ये जाऊन ३डी१ ४एस१, आणि तिसऱ्यानंतर ३डी१ ४एस२ असा उदासीन अणू तयार होतो. म्हणजे स्कँडिअमपासून पुढे ३डी आधी आणि ४एस नंतर हाच क्रम खरा. पोटॅशिअम व कॅल्शिअममध्ये मात्र ४एस ऊर्जेने खाली असते. बाणांची आकृती एका मूलद्रव्याकडून पुढच्या मूलद्रव्याकडे जाताना उदासीन अणूत कोणत्या उपकवचाची भर पडते ते दाखवते. एकाच अणूत इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने बसतात, हे ती दाखवत नाही. या दोन प्रश्नांची सरमिसळ ही गोंधळाची जड आहे. एरिक स्केरी आणि ऑयगेन श्वार्झ यांनी रसायनशिक्षणाच्या चर्चेत या सरमिसळीवर सविस्तर टीका केली आहे. पाठ्यपुस्तकांवर तिचा परिणाम अद्याप अल्प दिसतो.

या दृष्टीने [अरगॉन] ३डी६ ४एस२ असे कवचांच्या क्रमाने केलेले लेखन [अरगॉन] ४एस२ ३डी६ या लेखनापेक्षा श्रेयस्कर ठरते. दोन्ही पद्धती पाठ्यपुस्तकांत आढळतात आणि इलेक्ट्रॉनांची संख्या दोहोंत सारखीच असते. परंतु पहिल्या पद्धतीत सर्वांत बाहेरचे कवच ओळीच्या टोकाशी राहते व आयन बनताना प्रथम काय गळते, ते सरळ वाचता येते. लेखनातील क्रमाला अर्थ असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

चौथी मर्यादा : अपवादांची गोष्ट

क्रोमिअम [अरगॉन] ३डी५ ४एस१ आणि तांबे [अरगॉन] ३डी१० ४एस१ हे दोन अपवाद अर्धपूर्ण व पूर्ण उपकवचांच्या स्थैर्याने समजावले जातात. स्पष्टीकरण आकर्षक आहे, कारण ते दोन्ही उदाहरणांना लागू पडते. तथापि सिद्धान्ताची कसोटी तिसऱ्या उदाहरणावर होते. क्रोमिअमच्या खालचे मॉलिब्डेनम [क्रिप्टॉन] ४डी५ ५एस१ म्हणून नियम पाळते, पण त्याच्याही खालचे टंगस्टन [झेनॉन] ४एफ१४ ५डी४ ६एस२ आहे. अर्धपूर्णतेची संधी समोर असूनही ते ती घेत नाही. नायोबिअम [क्रिप्टॉन] ४डी४ ५एस१ आहे, येथे धड अर्धे नाही की पूर्ण नाही. पॅलेडिअममध्ये तर ५एस पूर्णतः रिकामे असून [क्रिप्टॉन] ४डी१० एवढेच उरते. पाचव्या आवर्तात असूनही त्याच्या पाचव्या कवचात एकही इलेक्ट्रॉन नाही.

यावरून स्पष्टीकरण सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही, पण ते अपुरे ठरते. डी व एस उपकवचांच्या ऊर्जा एकमेकींच्या फार जवळ असतात. इलेक्ट्रॉनांमधील परस्पर प्रतिकर्षण, विनिमय ऊर्जा आणि जड अणूंमधील सापेक्षतेचे परिणाम यांचा तोल कोठे जाईल, यावर अंतिम मांडणी ठरते. शिवाय ही सारी संरूपणे एकट्या, वायुरूप, न्यूनतम ऊर्जेच्या अणूची आहेत. धातूच्या तुकड्यातील किंवा संयुगातील अणूला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. संक्षिप्त सूत्राच्या आटोपशीर रूपामुळे ही अट नजरेआड होते.

नावाचा प्रश्न

कंसात ज्या वायूंचे चिन्ह येते त्यांना मराठीत निष्क्रिय, अक्रिय, उदासीन अशी नावे होती. पुढे राजवायू हा शब्द रूढ झाला. राजधातू व आम्लराज या शब्दांच्या पंक्तीत तो सहज बसतो. ही केवळ शब्दाची अदलाबदल नव्हती. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे प्लॅटिनम व फ्लुओरीन यांच्यासह संयुग बनवले आणि निष्क्रिय या शब्दाचा आधारच गेला. राजा सहसा मिसळत नाही, परंतु मुळीच मिसळत नाही असे नाही. राजवायू हा शब्द वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. असे असताना कंसातील भाग निष्क्रिय असतो, हे विधान वर्गात चालूच राहते. शब्द बदलला, धारणा बदलली नाही.

११८ अणुअंकाच्या मूलद्रव्याला २०१६ मध्ये ओगानेसन हे नाव मिळाले आणि सातवे आवर्त पूर्ण झाले. हे मूलद्रव्य राजवायूंच्या गणात बसते. मात्र त्याचे वर्तन या गणाच्या नेहमीच्या स्वभावाहून वेगळे असावे, असे सैद्धान्तिक गणिते सुचवतात. कंसात जाण्याचा मान आणि राजवायूसारखे वागणे या दोन गोष्टी तेथे एकमेकींपासून सुटतील, अशी शक्यता आहे.

शालेय लेखन आणि संक्षिप्त लेखन

महाराष्ट्रातील शालेय विज्ञानात संरूपण कवचनिहाय लिहिले जाते. पोटॅशिअम २, ८, ८, १ आणि कॅल्शिअम २, ८, ८, २. अकरावीत विज्ञान शाखेत गेल्यावर कवचांच्या जागी उपकवचे येतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याच वेळी बहुधा शिक्षणाची भाषाही बदलते. दोन संक्रमणे एकाच वेळी घडतात. नवे सूत्र कळले नाही ते भाषेमुळे की आशयामुळे, हे त्याला सांगता येत नाही. अशा वेळी जुने लेखन पोरकट होते, ते विसरावे, असे सुचवले जाते, तेव्हा त्याच्या हातचे एकमेव परिचित साधन काढून घेतले जाते.

हे साधन टाकण्याजोगे नाही, हे वरील उदाहरणांवरूनच सिद्ध करता येते. गॅलिअम कवचनिहाय २, ८, १८, ३ असे लिहिले की त्याची संयुजा तत्काळ दिसते. संक्षिप्त लेखन जे झाकते, ते शालेय लेखन उघड करते. शिसे २, ८, १८, ३२, १८, ४ असे लिहिले तर शेवटचा ४ हा अंक २८ इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून संयुजा वेगळी काढून देतो. उलटपक्षी स्कँडिअम २, ८, ९, २ असे लिहिले तर तिसऱ्या कवचातील ९ हा अंक कोड्यासारखा उभा राहतो. [अरगॉन] ३डी१ ४एस२ हे लेखन त्या नवाची फोड आठ अधिक एक अशी करते. आठ अरगॉनच्या मांडणीचे आणि एक नवा. लोहाच्या २, ८, १४, २ मधील चौदा हेही असेच आठ अधिक सहा होत. तिसऱ्या कवचाची क्षमता १८ असताना पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का गेला, हा शाळेत अनुत्तरित राहणारा प्रश्नही येथेच सुटू लागतो.

दोन्ही लेखने समोरासमोर ठेवून शिकवल्यास कंसाची कल्पना नव्या परिभाषेवाचूनही देता येते. पोटॅशिअमच्या २, ८, ८, १ या परिचित मांडणीत पहिल्या तीन अंकांभोवती कंस काढावा आणि ही मांडणी कोणत्या वायूची, असे विचारावे. उत्तर विद्यार्थ्याजवळ असतेच. त्यानंतर हाच कंस स्कँडिअमच्या २, ८, ९, २ भोवती काढण्याचा प्रयत्न करावा. तो नीट बसत नाही. तो का बसत नाही, या प्रश्नातून उपकवचांची गरज आपोआप पुढे येते.

निष्कर्ष

राजवायू-संक्षेप ही रसायनशास्त्रातील एक यशस्वी लेखनरूढी आहे. तिने गणांचे साम्य दृश्यमान केले, आयनांचे वर्तन सुटसुटीत केले आणि जड मूलद्रव्यांची मांडणी हाताळण्याजोगी केली. परंतु कंस हे एका मांडणीचे नाव आहे, एखाद्या अणूचे नव्हे. कंसाबाहेरचा प्रत्येक इलेक्ट्रॉन संयुजेचा नसतो आणि डावीकडून उजवीकडे लिहिण्याचा क्रम हा घटनाक्रम नसतो. या तीन गोष्टी सूत्राबरोबर सांगितल्या गेल्या नाहीत, तर विद्यार्थी शुद्ध सूत्र लिहून अशुद्ध कल्पना बाळगतो, आणि परीक्षेची पद्धत केवळ सूत्र तपासत असल्याने ती अशुद्धी कधी उघडकीस येत नाही.

त्यामुळे प्रश्नपत्रिकेत ‘अमुक मूलद्रव्याचे संरूपण लिहा’ याच्या जोडीला ‘या संरूपणावरून संयुजा इलेक्ट्रॉन किती ते सकारण सांगा’ आणि ‘दोन इलेक्ट्रॉन गमावल्यावर उरणारे संरूपण लिहा’ असे प्रश्न यावयास हवेत. त्यासाठी गॅलिअम, जस्त व लोह ही तीन मूलद्रव्ये पुरेशी आहेत. संक्षेप शिकवणे सोपे आहे. संक्षेपात काय संक्षिप्त झाले, हे शिकवणे हे अध्यापनाचे खरे काम होय.